ब्रेक नसलेली सायकल आणि भूक

(जळगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांनी धुळ्याहून फोन केला. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. शंकराचार्य झाले, कांट झाला, आता ही हॉलंडची सायकलवाली कुठून काढली?" आम्ही त्यांना म्हटलं, व्याख्यान ऐका, मग सांगा ती तत्त्वज्ञानात बसते की नाही.

सुरुवात आपल्या सायकलपासून करू. आमची पिढी कैची मारून सायकल शिकली. घरी सायकल नसायची. दुकानातून तासाच्या भाड्याने आणायची, आणि त्या एका तासात जास्तीत जास्त लांब जाऊन परत यायचं. उशीर झाला की जादा पैसे. तर मंडळी, जगातल्या सायकलपटूंचा सगळ्यात मानाचा एक विक्रम नेमका असाच आहे. त्याला 'तासाचा विक्रम' म्हणतात. गोल ट्रॅकवर एकट्याने एक तास सायकल मारायची आणि किती अंतर कापलं ते मोजायचं. 1 ऑक्टोबर 2003 रोजी मेक्सिको सिटीत एका डच बाईने एका तासात 46.065 किलोमीटर अंतर कापलं. जळगाव ते धुळे हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच्या निम्म्याहून थोडं अधिक, एका तासात, आणि तेही केवळ पायाच्या बळावर. स्त्रियांचा तो विक्रम 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा वर्षं, कोणी मोडला नाही.

त्या बाईचं नाव लिओन्तीन फान मोर्सेल. पण हा विक्रम सांगण्यासाठी आम्ही इथे आलेलो नाही. हा विक्रम करण्याच्या नऊएक वर्षं आधी हीच बाई जेवू शकत नव्हती. जेवायला मिळत नव्हतं असं नव्हे. समोर ताट होतं, पण घास घशाखाली उतरत नव्हता. त्या ताटापासून या विक्रमापर्यंतचा रस्ता हा आजचा विषय.

आधी ट्रॅक सायकलिंग म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ, कारण आपल्या खानदेशात ते बघायला मिळत नाही. महाराष्ट्रात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात असा ट्रॅक आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा ट्रॅक साधारण 250 मीटरचा, लाकडी फळ्यांचा असतो. वळणावर तो भिंतीसारखा उभा चढतो. आणि त्यावरची सायकल? तिला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसतं. आपली सायकल उतारावर लागली की आपण पाय स्थिर ठेवतो, मागून 'टिक टिक टिक' आवाज येतो आणि सायकल आपली चालत राहते. तो आवाज फ्रीव्हीलचा. ट्रॅकच्या सायकलला ती सोय नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. थांबायचं असेल तर हळूहळू वेग कमी करत आणायचा. एकदम थांबाल तर पडाल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या ट्रॅकवर लिओन्तीनबाईंचा हातखंडा प्रकार म्हणजे 'परस्यूट', पाठलाग. दोन खेळाडू ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना उभे राहतात आणि एकाच वेळी निघतात. स्त्रियांसाठी तेव्हा अंतर 3 किलोमीटर होतं. एकीने दुसरीला गाठलं तर शर्यत तिथेच संपते, नाही तर ज्याची वेळ कमी तो जिंकला. आम्हाला तत्त्वज्ञानाचे म्हणून यात एक गंमत दिसते. वर्तुळावर कोण कोणाचा पाठलाग करतंय? दोघी पुढे आहेत आणि दोघी मागेही आहेत. वर्गात झेनोचा अकिलीज आणि कासव शिकवताना हे उदाहरण आम्हाला सुचलं असतं तर मुलं कमी झोपली असती!

आता तिच्या आयुष्याकडे येऊ. जन्म 22 मार्च 1970, नेदरलँड्सच्या ब्राबांट प्रांतातल्या बूकल नावाच्या गावी. तो देश सपाट, वारा भरपूर, आणि माणसांपेक्षा सायकली जास्त. तिथे सायकल चालवणं म्हणजे आपल्याकडे पायी चालण्यासारखंच. पण बायकांची शर्यत ही गोष्ट मात्र तिकडेही उशिराच मानाला चढली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची रस्त्यावरची शर्यत आली 1984 साली. ट्रॅकवर त्यांना प्रवेश मिळाला 1988 साली, आणि पाठलागाची शर्यत सुरू झाली 1992 साली. म्हणजे ही मुलगी सायकलवर बसली तेव्हा तिच्यासाठीचे दरवाजे एकेक करून नुकते उघडत होते.

1990 साली, विसाव्या वर्षी, जपानमध्ये ती पाठलागाची जगज्जेती झाली. 1991 मध्ये श्टुटगार्टला रस्त्यावरच्या शर्यतीत जगज्जेती झाली. 1992 आणि 1993 अशी दोन वर्षं तिने फ्रान्समधली स्त्रियांची टूर जिंकली. समोर होती फ्रान्सची झानी लाँगो, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी, डोंगर चढण्यात पटाईत. 1993 मध्ये ऑस्लोला रस्त्यावरचं जगज्जेतेपद पुन्हा तिच्याकडेच आलं. तेविसाव्या वर्षी एखाद्या खेळाडूने यापेक्षा काय मागावं?

इथे थोडं पदार्थविज्ञान लागेल. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा खरा शत्रू वारा असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. तिथे तुमच्या पायात एकूण ताकद किती आणि तुम्ही वाऱ्याला किती कमी अडता, हे महत्त्वाचं. वजन दोन-चार किलो जास्त असेल तर फारसं बिघडत नाही. डोंगरावर मात्र हिशेब बदलतो. तिथे स्वतःचं वजन स्वतःच वर ओढायचं असतं. म्हणून चढावर प्रश्न विचारला जातो तो असा, की शरीराच्या दर किलोमागे ताकद किती? हा अपूर्णांक आहे. अपूर्णांक मोठा करायचे दोन मार्ग. अंश वाढवा, म्हणजे ताकद वाढवा. त्याला वर्षं लागतात. किंवा छेद कमी करा, म्हणजे वजन घटवा. त्याला आठवडे पुरतात. मोह कुठला होणार ते सांगायला नको.

लिओन्तीनबाई उंच, दणकट बांध्याच्या. डोंगरावर लाँगोला हरवायचं म्हणून त्यांनी छेद कमी करायला घेतला. सुरुवातीला यश आलं, आणि तोच घात ठरला. वजन कमी झालं, शर्यत जिंकली, म्हणजे अजून कमी केलं तर अजून जिंकू. हळूहळू मूळ हेतू मागे पडला आणि न खाणं हाच हेतू झाला. 1994 च्या सुमारास सायकल सुटली. या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात. हा मनाचा आजार आहे, नखरा नव्हे. मानसिक आजारांमध्ये जिवाला सर्वांत धोकादायक असलेल्यांत त्याची गणना होते. ज्या इच्छाशक्तीने तिला डोंगराच्या माथ्यावर नेलं, तीच इच्छाशक्ती आता तिचं शरीर खात होती. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. पाय थांबवता येत नाहीत.

मित्रहो, इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आज हा विषय घेण्याचं खरं कारण तेच आहे.

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. आम्ही शिकवत होतो त्या काळात आमच्या वर्गात एक मुलगी होती. लांब पल्ल्याची धावपटू. खेड्यातून आलेली, वसतिगृहात राहणारी, अत्यंत गुणी. आठवड्यातून तीन-चार उपास करायची. बाकीच्या दिवशीही ताटात अर्धीच भाकरी ठेवायची. पहाटे धावायची, दिवसभर वाचायची. आम्ही तेव्हा वर्गात इंद्रियनिग्रह शिकवत होतो. एके दिवशी आम्ही तिला उभं केलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "निग्रह पाहायचा असेल तर हिच्याकडे पाहा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला आमचं उदाहरण फार आवडलं होतं.

दोन-तीन महिन्यांनी ती मैदानात कोसळली. पायाचं हाड मोडलं होतं. नुसत्या धावण्याने, बरं का, कशावर आपटून नाही. घरचे येऊन तिला घेऊन गेले. परीक्षा राहिली ती राहिलीच. पुढे पुष्कळ वर्षांनी धुळ्याच्या बसस्टँडवर एका बाईने आम्हाला हाक मारली. तीच होती. तब्येत चांगली होती, सोबत मुलगा होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गाडी लागली तेव्हा निघता निघता ती हसून म्हणाली, "सर, मला तेव्हा रोज वाटायचं की आज जेवावं. पण तुम्ही वर्गात शाबासकी दिली होती ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते आमच्या मनातून गेलं नाही. निग्रह आणि आजार यांतला फरक आम्हाला ओळखता आला नव्हता, आणि तो विषय शिकवायचा पगार आम्ही घेत होतो.

मग निवृत्तीनंतर या सायकलपटूची हकीकत वाचनात आली आणि आम्ही आमच्याच पुस्तकांकडे परत गेलो. काय सापडलं ते सांगतो.

ॲरिस्टॉटलने सद्गुण म्हणजे दोन टोकांमधला मध्य, असं सांगितलं, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण तो मध्य गणिताचा नाही, हे सांगताना त्याने उदाहरण कोणतं दिलं? खेळाडूच्या जेवणाचं! त्याचं म्हणणं असं, की दहा मापं अन्न फार झालं आणि दोन मापं कमी पडलं, म्हणून तालीममास्तर सरसकट सहा मापं वाढत नाही. मायलो नावाचा जो नामांकित मल्ल होता त्याला सहा मापं कमी पडतील, आणि नवशिक्याला तीच जास्त होतील. मध्य हा त्या त्या माणसाचा असतो. आम्ही हा उतारा कितीतरी वर्षं शिकवला. पण वर्गात उभी केलेली ती मुलगी रोज दहा-बारा किलोमीटर धावते, तिचा मध्य आमच्या मध्याहून फार वर असणार, हे काही डोक्यात शिरलं नाही.

आपल्याकडे तर हे फारच स्पष्ट आहे. गीतेचा सहावा अध्याय सांगतो, की अती खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. आपण पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो. सिद्धार्थ गौतमाची कथा पाहा. त्याने उग्र तप केलं, शरीराचा सापळा झाला, आणि त्यातून बोध झाला नाही. सुजातेच्या हातची खीर घेतल्यानंतर तो त्या झाडाखाली बसला. परंपरेने ही खीर जपून ठेवली, कारण ती कथेतला तपशील नाही, ती वळण आहे.

आता परत लिओन्तीनबाईंकडे. त्या आजारातून बाहेर कशा आल्या? 'मनाचा निर्धार केला आणि जिंकल्या' असं लिहायचा मोह होतो. पण निर्धाराची तिथे कमतरता कधी नव्हतीच. निर्धार जास्त झाला होता. तिथे दुसरं माणूस लागतं. मायकेल झायलार्ड हा स्वतः ट्रॅकवरचा सायकलपटू. 1995 मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढे तोच तिच्या तयारीचाही आधार झाला. उपचार, घरचं माणूस, वेळ, आणि हळूहळू ताटाशी मैत्री. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ती नव्हती. जग पुढे गेलं होतं, आणि ती घरी जेवायला शिकत होती. आमच्या मते तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात अवघड शर्यत ती, आणि तिचं पदक कुठेच मिळत नाही.

1998 मध्ये तिच्याच देशात, फाल्कनबुर्खला, जागतिक स्पर्धा होती. तिथे ती वेळेविरुद्धच्या एकेरी शर्यतीत, टाइम ट्रायलमध्ये, पहिली आली, आणि रस्त्यावरच्या शर्यतीत दुसरी. 1999 मध्ये टाइम ट्रायलचं जगज्जेतेपद पुन्हा मिळवलं. मग 2000 चं सिडनी. ट्रॅकवर पाठलागाच्या शर्यतीत तिने 3 किलोमीटर 3 मिनिटं 30.816 सेकंदांत कापून विश्वविक्रम केला आणि सुवर्ण घेतलं. हा वेग ताशी 51 किलोमीटरच्या वर जातो, आणि सुरुवात जागेवरून! मग गुणांच्या शर्यतीत रौप्य. त्यानंतर ट्रॅक सोडून रस्त्यावर येऊन मुख्य शर्यतीत सुवर्ण आणि टाइम ट्रायलमध्ये सुवर्ण. सुमारे दोन आठवड्यांत चार पदकं. त्या टाइम ट्रायलमध्ये तिसरी कोण आली माहीत आहे? झानी लाँगो. जिला हरवण्यासाठी हिने जेवण सोडलं होतं ती.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. परतल्यावर तिने मोठ्या पदकांपैकी बहुतेक कुठे मिळवली? टाइम ट्रायलमध्ये आणि ट्रॅकवर. म्हणजे जिथे अपूर्णांकाचा छेद नव्हे, तर अंश महत्त्वाचा. जिथे दणकट मांड्या ही अडचण नसून भांडवल आहे. ती पुन्हा त्या डोंगराच्या हिशेबात अडकली नाही. आम्ही याचा अर्थ असा लावतो, की बरं होणं म्हणजे जुन्याच जागी जास्त जोराने परतणं नव्हे. आपल्या शरीराला जे येतं त्याची जागा शोधणं, हे बरं होणं. गंमत म्हणजे पाठलागाची शर्यत हीच तिची 1990 ची सुरुवात होती. 2001, 2002, 2003 अशी सलग तीन वर्षं ती या प्रकारात जगज्जेती झाली. वर्तुळावरचा खेळ आहे, सुरुवातीला परत येता येतं.

मग 2003 चा तो तास. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, रोध कमी, पण श्वासही कमी पडतो. आधीचा स्त्रियांचा विक्रम 45.094 किलोमीटरचा होता, आणि तोही लाँगोचाच. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीत ती जबरदस्त पडली. तीनच दिवसांनी टाइम ट्रायल होती. त्या ठणकत्या अंगाने ती उतरली आणि सुवर्ण जिंकली. पुढे ट्रॅकवर पाठलागात कांस्य मिळालं. न्यूझीलंडची सेरा उल्मर त्या शर्यतीत 3 मिनिटं 24.537 सेकंद अशी वेळ देऊन गेली. नवी माणसं आली होती. चार सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य अशी एकूण सहा ऑलिंपिक पदकं घेऊन तिने त्याच वर्षी स्पर्धा सोडली. पुढे तिने खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक घर काढलं. त्याला तिचंच नाव आहे, 'लिओन्तीनहाउस'.

आता आपलं काय? 2022 च्या बर्मिंगहम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या ट्रॅक सायकलिंग संघात महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे होत्या. आपल्या मुली आता या खेळांत उतरत आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात, कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी पदकासाठी. आई-वडील, मास्तर, प्रशिक्षक यांना आमचं एवढंच सांगणं आहे. मुलीची पाळी बंद झाली, वारंवार हाड दुखावतंय, सारखी थंडी वाजते, चारचौघांत जेवायचं टाळते, तर त्याला 'किती शिस्तीची' म्हणू नका. डॉक्टरकडे न्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 पासून या सगळ्याकडे एकत्रित दुखणं म्हणून पाहायला सुरुवात केली आहे. जेवढं खर्च होतं त्या मानाने पोटात जातच नाही, हे त्याचं मूळ. आणि ते मुलग्यांनाही होतं.

आपल्या अहिराणीत घरात आलेल्या लेकीला पहिला प्रश्न असतो, "जेवनी का माय?" परीक्षेत किती मिळाले, शर्यतीत कितवी आलीस, ते नंतर. आम्ही त्या मुलीला वर्गात उभं करून जे विचारायला हवं होतं, ते हेच होतं.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, मग उपास करूच नये का? आमच्याकडे एकादशी पिढ्यान्‌पिढ्या आहे."

उत्तर: जरूर करा. आम्हीही करतो. फरक असा ओळखा. एकादशीला दुसऱ्या दिवशी द्वादशी असते, पारणं असतं. उपास सोडायची वेळ ठरलेली आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत असते. ज्या उपासाला पारणं नाही आणि जो लपवावा लागतो, तो उपास नव्हे.

एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पण कठोर झाल्याशिवाय पदक मिळतं का?"

उत्तर: नाही मिळत, बाळ. लिओन्तीनबाई कठोर नव्हत्या असं आम्ही म्हटलेलं नाही. अथेन्सला पडून तीन दिवसांनी सुवर्ण घेणारी बाई मऊ नसते. पण 1994 मध्ये त्या शरीराशी कठोर होत्या, आणि 2004 मध्ये शरीराला सोबत घेऊन कठोर होत्या. तू रोज किती धावतेस ते आम्हाला माहीत नाही. आज घरी गेल्यावर मात्र पोटभर जेव, आणि उद्या पहाटे धाव.